मागच्या दाराची बातमी

गॅरी हार्ट यांची गोष्ट लोकांच्या आठवणीत साधारण अशी राहिली आहे. १९८८च्या निवडणुकीसाठी अमेरिकेच्या डेमोक्रॅटिक पक्षाचे आघाडीचे उमेदवार. बायकांवरून कुजबुज वाढली तेव्हा ते पत्रकारांना म्हणाले, लावा माझ्यामागे माणूस. पत्रकारांनी लावला. उमेदवार एका तरुणीबरोबर सापडले. मग ती त्यांच्या मांडीवर बसली आहे असा फोटो छापून आला आणि सगळं संपलं.

गोष्ट म्हणून ही झकास आहे, फक्त तिचा क्रम उलटासुलटा आहे. आव्हान छापून येण्याच्या आधीच पाळत ठेवून झाली होती. आणि फोटो छापून आला तेव्हा उमेदवार घरी जाऊन बसले होते. घटनाक्रम लिहिणाऱ्याची सगळी भिस्त क्रमावर असते. तोच बिघडला तर कोण खोटं बोललं आणि कोणी घाई केली, हे दोन्ही हिशेब चुकतात. म्हणून ते तास पुन्हा मोजू. शुक्रवार, ८ मे १९८७ची दुपार हे शून्य धरलं आहे. घड्याळ अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याचं, तास ढोबळ.

सोमवार, १३ एप्रिल १९८७. उरले २५ दिवस

डेन्व्हरजवळच्या रेड रॉक्स या तांबड्या कातळांच्या परिसरात हार्ट उभे आहेत. सभामंडप नाही, फुगे नाहीत, बँड नाही, मागे नुसते डोंगर. वय ५०. कोलोरॅडोतून १९७४ आणि १९८० असे दोनदा सिनेटवर निवडून आलेले. १९८४मध्ये न्यू हॅम्पशरची प्रायमरी जिंकून त्यांनी वॉल्टर मॉन्डेल यांना घाम फोडला होता. उमेदवारी शेवटी मॉन्डेल यांनाच मिळाली, पण पुढच्या वेळी हार्टच, हे पक्षात तेव्हाच गृहीत धरलं गेलं. आता रिपब्लिकनांच्या बाजूने जॉर्ज बुश येणार हे जवळपास नक्की आहे आणि जनमत चाचण्यांत हार्ट त्यांच्या पुढे आहेत.

भाषणात ते सचोटीबद्दल बोलतात. सार्वजनिक जीवनातल्या माणसाने स्वतःला सचोटीची आणि नीतीची सर्वांत कडक कसोटी लावली पाहिजे, असा त्याचा मथितार्थ. पुढच्या २५ दिवसांत हीच कसोटी त्यांच्यासमोर पुन्हा पुन्हा धरली जाणार होती.

प्रामाणिकपणाचा प्रश्न त्यांना नवा नव्हता. १९८४मध्येच बातमीदारांनी खणून काढलं होतं की या गृहस्थांचं मूळ आडनाव हार्टपेन्स, ते १९६१मध्ये 'हार्ट' झालं. जन्मसाल १९३६, पण प्रचाराच्या कागदांवर १९३७. सहीसुद्धा वेळोवेळी बदललेली. यातलं एकही प्रकरण गुन्हा नव्हतं. आडनाव तर घरच्यांबरोबर कायदेशीर बदललेलं. पण वर्षाच्या फरकावर त्यांनी कधी सरळ उत्तर दिलं नाही. ज्या माणसाला स्वतःचं वयसुद्धा नीट सांगता येत नाही तो आणखी काय लपवत असेल, असा तो तर्क. तर्क म्हणून तो लंगडाच, पण अशी शंका एकदा घरात शिरली की पाहुण्यासारखी निघून जात नाही.

दुसरी शंका बायकांची. पत्नी ली यांच्यापासून ते दोनदा वेगळे राहिले होते आणि दोनदा पुन्हा एकत्र आले होते. वॉशिंग्टनच्या पत्रकारांत याची चर्चा होती, आणि ती छापायची नाही हा संकेतही होता. जॉन केनेडींच्या बाबतीत हा संकेत काटेकोर पाळला गेला होता. तो मोडला वॉटरगेटनंतर. निक्सन खोटं बोलले हे सिद्ध झालं आणि उमेदवाराची धोरणं तपासण्याआधी त्याचं 'चारित्र्य' तपासण्याची सवय बातमीदारांना लागली. १९७२मध्ये त्याच निक्सनविरुद्ध लढलेल्या जॉर्ज मॅकगव्हर्न यांचे प्रचारप्रमुख कोण होते? गॅरी हार्ट. मॅकगव्हर्न ५०पैकी ४९ राज्यं हरले. त्या विजेत्याच्या खोटेपणाची किंमत पुढे हरलेल्याच्या प्रचारप्रमुखाला मोजावी लागली.

याच आठवड्यात, १६ एप्रिलला, स्वीडिश रेडिओने बोफोर्सची बातमी फोडली. आपल्याकडची सचोटीची चर्चा पुढची दोन वर्षं तोफांभोवती फिरत राहिली. अमेरिकेतली एका घराच्या दाराभोवती फिरणार होती.

सोमवार, २७ एप्रिल, रात्री आठच्या सुमारास. उरले २५६ तास

'मायामी हेरल्ड'चे राजकीय संपादक टॉम फीडलर यांचा लेख आज प्रसिद्ध झाला आहे. विषय हार्ट यांच्याबद्दलच्या अफवा, सूर मात्र पत्रकारांना चार शब्द सुनावण्याचा. पुरावा नसताना कुजबुज छापणं कितपत योग्य, असं फीडलर विचारतात.

रात्री त्यांचा फोन वाजतो. पलीकडे एक बाई. नाव सांगत नाही. म्हणते, तुम्ही ज्यांना अफवा म्हणता त्या अफवा नाहीत. आणि लगेच विचारते, फोटोंचे किती पैसे देता? फीडलर सांगतात की आमचं वर्तमानपत्र फोटो विकत घेत नाही. बाईचं म्हणणं असं की तिच्या एका मैत्रिणीचे हार्ट यांच्याशी संबंध आहेत, दोघांची ओळख एका आलिशान बोटीवर झाली.

अफवांवर टीका करणाऱ्या लेखाने त्या अफवांचा पत्ता घरबसल्या मिळवला. लेखाला असा प्रतिसाद फार थोड्यांच्या वाट्याला येतो.

मंगळवार, २८ एप्रिल ते गुरुवार

बाई पुन्हा फोन करते. हार्ट यांनी मैत्रिणीला कोणत्या दिवशी कोणत्या गावाहून फोन केला, तेही सांगते. फीडलर प्रचारदौऱ्याचं वेळापत्रक काढून ताडून पाहतात. गावं जुळतात, तारखा जुळतात. शिवाय एक माहिती पुढची: मैत्रीण शुक्रवारी विमानाने वॉशिंग्टनला जाणार आहे, शनिवार-रविवार हार्ट यांच्याबरोबर राहणार आहे.

हार्ट यांचं आव्हान अजून कोणीही वाचलेलं नाही. हा मुद्दा इथेच ठळकपणे सांगून ठेवतो.

शुक्रवार, १ मे, संध्याकाळी साडेपाच. उरले १६२ तास

शोधपत्रकार जिम मॅक्गी मायामीहून वॉशिंग्टनच्या विमानात बसतात. सामान बांधायलाही वेळ मिळालेला नाही. कोणाला शोधायचं हे त्यांना धड ठाऊक नाही. सोनेरी केसांची देखणी तरुणी, एवढंच वर्णन. मायामीहून सुटणाऱ्या विमानात हे वर्णन अर्ध्या प्रवाशांना लागू पडावं. तरी एका तरुणीवर त्यांची नजर ठरते.

शुक्रवार, रात्री साडेनऊ. उरले १५८ तास

कॅपिटल हिलवर सहाव्या रस्त्याच्या आग्नेय भागात हार्ट यांचं घर आहे. एकाला एक चिकटून उभ्या असलेल्या अरुंद घरांपैकी एक. मॅक्गी रस्त्यावर उभे आहेत. पुढचं दार उघडतं. हार्ट बाहेर येतात आणि त्यांच्याबरोबर एक तरुणी. विमानातली तीच, असं मॅक्गींना वाटतं. दोघं निघून जातात. मॅक्गी सार्वजनिक टेलिफोन गाठून मायामीला कळवतात.

शुक्रवार, रात्री ११ वाजून १७ मिनिटं. उरले १५७ तास

दोघं परत येतात, आत जातात. दार बंद होतं.

या गोष्टीतला सर्वांत महत्त्वाचा तास हाच, आणि यात कोणी काहीच पाहिलेलं नाही. घराला दोन दारं आहेत. पुढचं रस्त्यावर उघडतं. मागचं उघडतं गल्लीत, गाडीच्या गॅरेजकडे. पहाऱ्याला माणूस एक. मध्यरात्रीनंतर मदतीला आणखी एक सहकारी आला, तरी रात्रभर दोन्ही दारांवर सलग पहारा राहिला नाही. हे 'हेरल्ड'ने नंतर मान्यही केलं.

हार्ट यांचं म्हणणं पुढे असं आलं की तरुणी थोड्याच वेळात मागच्या दाराने निघून गेली. तिचा मुक्काम हार्ट यांचे वकील मित्र विल्यम ब्रॉडहर्स्ट यांच्याकडे होता, ते घर जवळच आहे, आणि ब्रॉडहर्स्ट यांच्याकडे तिच्याबरोबर तिची एक मैत्रीणही होती. हे खरं की खोटं? पुढच्या दारासमोर उभ्या असलेल्या माणसाला ते सांगता येणार नव्हतं. त्याला एवढंच सांगता येत होतं की दोघं आत गेली आणि त्याने कोणाला बाहेर येताना पाहिलं नाही. 'बाहेर आली नाही' आणि 'बाहेर येताना पाहिली नाही' यांत फरक आहे. पहिल्या वाक्याने उमेदवार बुडतो. दुसऱ्याने फार तर संपादक बातमीदाराला आणखी एक रात्र थांबायला सांगतो.

शनिवार, २ मे, सकाळ. उरले १४७ तास

फीडलर, शोधपत्रकारितेचे संपादक जिम सॅव्हेज आणि एक छायाचित्रकार विमानाने वॉशिंग्टनला निघाले आहेत. प्रवासात फीडलर एक मजकूर वाचतात. 'न्यू यॉर्क टाइम्स'च्या रविवारच्या मासिकात उद्या ई. जे. डिऑन यांचा हार्ट यांच्यावरचा दीर्घ लेख येणार आहे, त्याची आगाऊ प्रत हातात पडली आहे. त्यात बायकांबद्दलच्या प्रश्नावर हार्ट सांगतात की माझ्या मागावर या, मला पर्वा नाही, कोणाला माणूस लावायचा असेल तर खुशाल लावा, कंटाळून जाल.

फीडलर यांच्या जागी कोणीही असता तरी खुर्चीत ताठ बसला असता. आपण जे करतो आहोत त्याला खुद्द उमेदवाराचीच परवानगी! पण परवानगी उद्या छापून येणार होती आणि माणूस कालच लावून झाला होता. पुढे 'हेरल्ड'ने आपल्या बातमीत हे आव्हान वापरलं. साऱ्या देशाने बातमी आणि आव्हान एकाच रविवारी वाचलं. मग आव्हान आधी आणि पाळत नंतर असाच समज झाला, आणि तो आजवर टिकला आहे. 'हेरल्ड' यात खोटं बोललं असं म्हणता येणार नाही. पण लोकांचा झालेला समज त्यांच्या सोयीचा होता.

हार्ट यांची बाजूही धुतल्या तांदळासारखी नाही. प्रत्यक्षात त्यांचं वागणं ज्या वेळी असं चालू होतं, त्याच काळात त्यांनी एका मोठ्या वर्तमानपत्राच्या बातमीदाराला 'माणूस लावा' म्हणून सांगितलं. कोणी लावणार नाही याची खात्री असल्यावरच माणूस असं बोलतो. केनेडींच्या काळात ती खात्री रास्त होती.

शनिवार, रात्री ८ वाजून ४० मिनिटं. उरले १३५ तास

हार्ट आणि तरुणी आज मागच्या दाराने बाहेर पडतात. गॅरेजकडे जाताना हार्ट यांना काहीतरी खटकतं. गल्लीत, रस्त्यावर, उभ्या गाड्यांत अनोळखी माणसं आहेत. ते आत परततात. थोड्या वेळाने एकटेच गाडी काढतात, काही अंतरावर ती उभी करतात आणि चालत परत येतात. अंगात टोपीचा पांढरा स्वेटशर्ट. मागच्या गल्लीत 'हेरल्ड'चे लोक त्यांना गाठतात.

अमेरिकेच्या भावी राष्ट्राध्यक्षाला अंधाऱ्या गल्लीत विटांच्या भिंतीशी उभं करून प्रश्न विचारले जात आहेत. ती तरुणी कोण? मित्राची पाहुणी. तुमचे तिच्याशी संबंध काय? वैयक्तिक संबंध काही नाहीत. फोन केले होते का? केले असतील, सर्वसाधारण बोलणं. बोटीवरच्या सहलीबद्दल विचारल्यावर उत्तर पुन्हा गोल गोल फिरतं. तिला बाहेर आणा, आम्ही बोलतो, असं म्हटल्यावर ते नकार देतात.

माझ्या मते उमेदवारी गेली ती इथे. खाजगी आयुष्य खाजगी आहे, असं ठणकावून ते पाठ फिरवू शकले असते. 'हो, आम्ही बोटीवरून सहलीला गेलो होतो, बरोबर आणखी माणसं होती,' हेही सांगता आलं असतं. त्यांनी दोन्ही केलं नाही. अर्धं सांगितलं, अर्धं ठेवून दिलं. उरलेलं अर्धं सोमवारपर्यंतच टिकलं.

शनिवार, मध्यरात्र. उरले १३२ तास

बातमी हॉटेलातून टेलिफोनवर मायामीला सांगितली जाते. ब्रॉडहर्स्ट संपर्क साधतात. तरुणी आणि तिची मैत्रीण आपल्याकडे उतरल्या आहेत असं सांगतात. पण छपाईची वेळ टळत चालली आहे. पाच-सहा तास थांबलं तर रविवारचा अंक हातचा जातो, आणि दुसऱ्या कोणाला सुगावा लागला तर बातमीही जाते. तरुणीशी एक शब्दही न बोलता, तिचं नाव न देता, बातमी शेवटच्या आवृत्तीत घेतली जाते.

बातमीच्या धंद्यात वावरलेल्या कोणालाही हा तास ओळखीचा वाटेल. खात्री करायला वेळ मागावा तर यंत्र थांबत नाही, आणि यंत्र थांबवावं इतकी शंका त्या वेळी येत नाही. ती सकाळी चहाबरोबर येते.

रविवार, ३ मे, सकाळ. उरले १२६ तास

'हेरल्ड'च्या पहिल्या पानावर बातमी: मायामीच्या तरुणीचे हार्ट यांच्याशी संबंध. दुसरीकडे 'टाइम्स'च्या मासिकात आव्हान. प्रचारप्रमुख बिल डिक्सन यांना दिवसभर फोनपासून हलता येत नाही. मायामीची बातमी संध्याकाळपर्यंत देशाची झालेली असते.

सोमवार, ४ मे. उरले ९६ तास

तरुणीचं नाव आता सगळ्यांना कळलं आहे: डोना राइस, वय २९, मॉडेल आणि अभिनेत्री, कॉलेजात उत्तम गुण मिळवलेली. ती मायामीत पत्रकारांसमोर येते. शरीरसंबंध नाहीत, आम्ही केवळ मित्र आहोत, असं ती ठामपणे सांगते. आणि सांगता सांगता आणखी एक गोष्ट सांगून जाते. मार्चच्या अखेरीस हार्ट, ब्रॉडहर्स्ट, ती आणि तिची मैत्रीण असे चौघं एका भाड्याच्या बोटीने बहामातल्या बिमिनी बेटावर गेले होते. परतताना जकात कार्यालय बंद झालं होतं, म्हणून रात्री तिथेच राहावं लागलं.

बोट ८३ फुटांची. नाव 'मंकी बिझनेस'. मराठीत एकच शब्द पुरतो: माकडचाळे. कादंबरीकाराने हे नाव दिलं असतं तर संपादकाने फार ढोबळ म्हणून खोडलं असतं.

राइस यांनी सहल लपवली नाही, आणि नेमकं तेच हार्ट यांना भोवलं. शनिवारी गल्लीत ज्या सहलीबद्दल धड उत्तर मिळालं नव्हतं, ती सहल सोमवारी उघड झाली. इथून प्रश्न बदलला. हार्ट यांनी काय केलं हा मुद्दा मागे पडला आणि हार्ट यांनी काय सांगितलं नाही हा पुढे आला.

कोलोरॅडोत हार्ट यांच्या डोंगरातल्या घराबाहेर बातमीदारांचा गराडा पडला आहे. ली हार्ट आजारी आहेत, चेहरा सुजलेला आहे, त्या खिडकीचे पडदे ओढून आत आहेत. त्या दरीचं नाव ट्रबलसम गल्च, म्हणजे तापदायक घळ.

मंगळवार, ५ मे, दुपार. उरले ७२ तास

न्यू यॉर्कचं वॉल्डॉर्फ-ॲस्टोरिया हॉटेल. अमेरिकेतल्या वृत्तपत्रांच्या मालकांचं अधिवेशन. हार्ट यांचं भाषण इथे खूप आधी ठरलेलं आहे, विषय आर्थिक धोरण. योग असा की सभागृहात समोरच 'हेरल्ड'चे प्रकाशक रिचर्ड केपन बसले आहेत.

हार्ट कबूल करतात की गैरसमज होईल अशा परिस्थितीत स्वतःला नेऊन ठेवणं ही चूक होती. मात्र अनैतिक काही केलं का? मुळीच नाही. खरं काय ते सांगू शकणाऱ्या माणसांशी बोलायलाही 'हेरल्ड' थांबलं नाही, असं ते सुनावतात. केपन उत्तर देतात की मुद्दा 'हेरल्ड' नाहीच, मुद्दा हार्ट यांच्या विवेकाचा आहे. बायकांच्या नादाचा प्रश्न पूर्वी उठला आहे हे हार्ट यांना पुरतं ठाऊक होतं, असंही ते म्हणतात.

दोघंही खरं बोलत होते. म्हणूनच दोघांपैकी कोणी जिंकलं नाही. पण 'अनैतिक' हा शब्द हार्ट यांनी स्वतःहून व्यासपीठावर आणला. आता त्याची व्याख्या कोणीतरी विचारणारच.

बुधवार, ६ मे, दुपार. उरले ४५ तास

न्यू हॅम्पशरमधलं हॅनोव्हर, डार्टमथ कॉलेजचं गाव. सरायीच्या खोलीत पत्रकार दाटीवाटीने उभे आहेत. ली हार्ट आता पतीबरोबर प्रचाराला आल्या आहेत. त्या म्हणाल्या आहेत की मला त्रास होत नसेल तर इतरांनी का करून घ्यावा. निवडणूक साधी असती तर एवढ्या वाक्यावर विषय मिटला असता.

'वॉशिंग्टन पोस्ट'चे पॉल टेलर उभे राहतात. प्रश्न पायरीपायरीने येतात. अनैतिक काही केलं नाही म्हणजे डोना राइस यांच्याशी शरीरसंबंध नव्हते, असंच ना? बरोबर. व्यभिचार अनैतिक आहे असं तुम्ही मानता? मानतो.

"तुम्ही कधी व्यभिचार केला आहे का?"

अमेरिकेच्या अध्यक्षपदाच्या उमेदवाराला जाहीर पत्रकार परिषदेत हा प्रश्न याआधी कोणी विचारला नव्हता. हार्ट आधी धर्मशास्त्रीय व्याख्येत शिरायला नकार देतात आणि मग म्हणतात की या प्रश्नाचं उत्तर देण्याचं मला कारण नाही. पुढचा प्रश्न: तुमच्यात आणि पत्नीमध्ये याबद्दल काही समजूत आहे का? हार्ट म्हणतात, हा प्रश्न तुम्ही विचारू शकत नाही.

माझं मत विचाराल तर आठवडाभरात हार्ट यांच्या तोंडून आलेलं सर्वांत सरळ उत्तर हेच होतं. हे शनिवारी रात्री गल्लीत आलं असतं तर कदाचित चाललं असतं. बुधवारी ते पळवाट वाटलं. टेलर यांचा प्रश्न असभ्य होता, याबद्दल मला शंका नाही. पण त्याचा दरवाजा उघडला मंगळवारी, आणि उघडणारे हार्टच होते.

बुधवार, रात्र. उरले साधारण ३८ तास

मुक्काम शेजारच्या व्हर्मांटमध्ये. 'पोस्ट'चा निरोप हार्ट यांच्या प्रसिद्धिप्रमुखाकडे, केव्हिन स्वीनी यांच्याकडे येतो. वॉशिंग्टनमधल्या दुसऱ्या एका महिलेशी असलेल्या संबंधांची माहिती 'पोस्ट'कडे आहे, आणि ती खाजगी गुप्तहेराने ठेवलेल्या पाळतीतून आली आहे. बातमी छापून यायची आहे. स्वीनी उमेदवाराला कळवतात. हे कधी संपणारच नाही, असं म्हणून हार्ट घरी जायचं ठरवतात.

गुरुवार, ७ मे. उरले २४ तास

विमान डेन्व्हरकडे. प्रचाराची माणसं एकमेकांकडे पाहायचं टाळत सामान आवरतात.

शुक्रवार, ८ मे. शून्य

डेन्व्हरमध्ये सकाळ आहे. अपेक्षा अशी की दोन परिच्छेदांचं निवेदन वाचून हार्ट गुपचूप निघून जातील. त्यांचाही बेत तोच होता. ते सांगतात की रात्रभर तळमळत होतो, पहाटे चार-पाचला दचकून जागा झालो आणि स्वतःला म्हणालो, छे, असं मुकाट्याने जायचं नाही.

उमेदवारी मागे घेताना त्यांच्या आवाजात खंत कमी आणि राग जास्त आहे. ही पद्धत पत्रकारांना शिकारी बनवते आणि उमेदवारांना शिकार, असं ते म्हणतात. आपण वाकतो पण मोडत नाही, असंही सांगतात. आपल्या लायकीचेच नेते आपल्याला मिळतील की काय, या विचाराने देशासाठी थरकाप होतो, हा शेवटचा टोला. भाषणात पश्चात्ताप शोधणाऱ्या टीकाकारांना तो सापडला नाही आणि त्यांनी तसं दुसऱ्या दिवशी लिहिलं.

रेड रॉक्सपासून इथपर्यंत २५ दिवस.

शून्यानंतर

निक्सन यांनी हार्ट यांना पत्र लिहिलं. कठीण प्रसंग तुम्ही फार चांगला हाताळलात, असं कौतुक त्यात होतं. अशा शिफारशीचं माणसाने काय करावं, कोणास ठाऊक.

मे महिना संपता संपता 'नॅशनल एन्क्वायरर'ने तो प्रसिद्ध फोटो छापला: बिमिनीच्या धक्क्यावर हार्ट, मांडीवर डोना राइस, आणि हार्ट यांच्या अंगात बोटीचं नाव लिहिलेला टी-शर्ट. उमेदवारी मागे घेऊन तेव्हा दोन आठवडे उलटले होते. फोटो बाहेर आल्यावर त्याने मागचे सगळे तास गिळून टाकले. आज ज्याला हे प्रकरण आठवतं त्याला आधी फोटो आठवतो.

सप्टेंबरमध्ये त्याच शर्यतीतला दुसरा उमेदवार सचोटीवरून बाद झाला. जो बायडन यांनी ब्रिटनच्या नील किनॉक यांच्या भाषणातला मजकूर नाव न घेता आपला म्हणून वापरला होता. हार्ट यांना जी कसोटी लावण्यात आली, ती आता रूढ झाली होती. १५ डिसेंबरला हार्ट पुन्हा रिंगणात उतरले, लोकांनाच ठरवू द्या म्हणाले. लोकांनी ठरवलं: फेब्रुवारी १९८८मध्ये न्यू हॅम्पशरला, जिथे चार वर्षांपूर्वी ते जिंकले होते तिथे, त्यांना सुमारे चार टक्के मतं पडली. मार्चमध्ये ते कायमचे बाहेर पडले. नोव्हेंबरमध्ये बुश निवडून आले.

हार्ट आणि राइस यांनी शरीरसंबंध असल्याचं कधीही मान्य केलेलं नाही. बुश यांचे प्रचारप्रमुख ली ॲटवॉटर यांनी मृत्यूपूर्वी हा सगळा सापळा आपणच रचल्याची कबुली दिली, असा एक दावा २०१८मध्ये छापून आला. तो सिद्ध झालेला नाही. बोट, फोटो आणि निनावी फोन या तिन्हींची सांगड लावायला तो सोयीचा आहे, आणि सोयीच्या गोष्टींपासून जरा जपून राहावं, हे या प्रकरणाने शिकवलेलंच आहे.

पुढे हार्ट यांनी वॉरन रडमन यांच्यासह राष्ट्रीय सुरक्षेवरच्या एका आयोगाचं अध्यक्षपद सांभाळलं. अमेरिकेच्या भूमीवर हल्ला होऊन मोठ्या संख्येने अमेरिकी नागरिक मरू शकतात, असा इशारा या आयोगाने १९९९मध्ये दिला. २००१च्या सुरुवातीला अंतिम अहवाल आला, त्यात देशांतर्गत सुरक्षेसाठी स्वतंत्र संस्था उभारा अशी शिफारस होती. बहुतेक मोठ्या वर्तमानपत्रांनी त्या अहवालाला फारशी जागा दिली नाही. हल्ला त्याच वर्षी ११ सप्टेंबरला झाला.